पितळखोऱ्याची राहिलेली वाट

चाळीसगाव,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय दिल्या,

काल तुझा फोन आला तेव्हा मी डोंगरात होतो, तिथे रेंज नाही. रात्री घरी आल्यावर मिस्ड कॉल दिसला. लगेच लावणार होतो, पण जे सांगायचंय ते फोनवर पाच मिनिटांत उरकेल असं वाटलं नाही. म्हणून सकाळीच कागद घेऊन बसलोय.

काल मी पितळखोऱ्याच्या लेण्यांना चालत जाऊन आलो, भो. वरून कन्नडकडच्या पायऱ्यांनी नाही. खालून, पाटणादेवीकडून, नदीनदीने. आपली राहिलेली वाट.

आठवते का आठवीची सहल? शाळेने दोन लाल डबे केले होते. देवीचं दर्शन झालं, डबे खाऊन झाले, आता सर आपल्याला लेण्यांकडे नेणार एवढ्यात वरच्या अंगाला पाऊस झाला आणि नदीला गढूळ लोंढा आला. सरांनी सगळ्यांना परत फिरवलं. तू रडायच्या बेतात होतास, कारण लेण्यांतले दगडी हत्ती बघायचे होते तुला. तेव्हा सरांनी देवळाच्या ओट्याखाली बसवून काठीने मातीत आकृती काढली. नऊ हात उंच खांब, खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येतोय. मोर तिरका झेपावतो. दोघं सारखंच अंतर कापतात, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? सगळे बोटं मोजत बसले आणि तू मागून ओरडलास, "बारा हात!" सरांनी तुझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, ज्याने हे गणित लीलावती या ग्रंथात घातलं त्या भास्कराचार्यांचं नाव या देवळाच्या दगडात कोरलेलं आहे.

त्या वयात ते कानावरून गेलं. गेल्या वर्षभरात मी त्या दगडासमोर चार वेळा उभा राहिलो. लेख शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला तो आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी, आणि निकुंभ राजघराण्यातल्या सोइदेव, हेमाडिदेव या भावांनी त्याला दान दिलं. वरचा मजकूर संस्कृत, पण शेवटच्या ओळी आपल्या मराठीत आहेत रे! "इयां पाटणीं" असे सुरू होतात ते शब्द. या पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल त्यावरच्या करातला वाटा मठाला दिला, असा अर्थ. राजाची स्तुती संस्कृतात आणि बाजाराचा हिशोब मराठीत, कारण तो पेठेतल्या दुकानदाराला कळायला हवा. म्हणजे इथे पेठ होती. गिऱ्हाईक होतं, घासाघीस होती, आणि त्या घासाघिशीतून पोरांना गणित शिकवलं जात होतं. आज तिथे सागाची पानं पडतात आणि वानरं उड्या मारतात. आपण लहानपणी जावळाला, नवसाला गेलो, नारळ फोडून परत आलो. देवळामागे पाय टाकला नाही, याची मला आता फार चुटपुट लागते.

गेल्या वर्षीची फजिती तुला सांगितली नव्हती. भाच्याला घेऊन, कोणालाच सोबत न घेता निघालो होतो. पायाखालची वाट ठळक होती, म्हणून निर्धास्त. अर्ध्या तासाने ती दोन झाली, मग चार, मग गवतात सगळ्याच विरल्या. मागे वळलो तर आलेलीही सापडेना. पाणी संपलं, भाचा गप्प झाला. अस्वलाचं नाव दोघांच्याही मनात होतं, तोंडावर कोणी आणलं नाही. शेवटी गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या आणि त्यांच्यामागून एक म्हातारे बाबा. "कथा जाई राहिनात?" मी सांगितलं. ते म्हणाले, "हाई ढोरेस्नी वाट शे, भाऊ." मग वाटेवर उकिडवे बसून त्यांनी मला दाखवलं. ढोरवाट खुरांनी खणली जाते, मधली माती मऊ, भुसभुशीत असते, आणि चाराच हवा असल्यामुळे ती गवताशी जाऊन फुटते. माणसाची वाट अरुंद असते, पण तिच्यातले दगड तळव्यांनी गुळगुळीत झालेले असतात. त्यांनी माझा हात धरून एका दगडावर फिरवला. खरंच, वरची बाजू पाट्यासारखी लागली. किती पिढ्या गेल्या असतील त्यावरून!

या खेपेला त्याच बाबांना गाठलं. वनखात्याच्या नाक्यावर नावं लिहिली, कारण हे सगळं गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, १९८६ पासून, आणि सकाळी सातला निघालो. नदीत अजून पाणी आहे. घोट्याइतकं, कुठे गुडघ्याइतकं. इतकं निवळ की खालचे खडे मोजावेत. काठी टेकत, एकदा या तीरावर एकदा त्या तीरावर असं चालायचं. बूट काढायच्या भानगडीत पडू नकोस, ओलेच राहू दे, दगडांवर शेवाळ आहे.

आणि झाडं! सागाची पानं आता चाळणी झालीत, किड्यांनी शिरा तेवढ्या ठेवल्यात. धावडा, मोह, पळस तुला ओळखता येतील. पण मला वेड लावलंय अंजनाने. परवाच दसऱ्याला आपट्याची पानं वाटलीस ना? ते पान मधोमध फाडून दोन्ही तुकडे देठाशी जोडलेले ठेवलेस तर अंजनाचं पान झालं. प्रत्येक पान म्हणजे दोन पाकळ्यांची जोडी. वारा आला की झाडभर त्या जोड्या लुकलुकतात. बाबा सांगत होते, उन्हाळ्यात गवत संपलं की गुरं याच पाल्यावर निघतात, आणि लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. अंजन खडकातही उभं राहतं. एका कातळाच्या फटीत माझ्या दंडाएवढं मूळ घुसलेलं पाहिलं, कातळ दुभंगला होता.

मोरही दिसला. एका मोठ्या धोंड्यावर होता, आमच्या चाहुलीने उतरला. आपल्या गणितातल्यासारखा सरळ तिरक्या रेषेत नाही. आधी दगड पडावा तसा धपकन खाली, आणि मग जमिनीलगत लांबवर. तू हवा होतास तिथे.

लेण्यांखाली पोचायला आम्हाला अडीच तास लागले. शेवटची चढण उभी आहे, कारवीच्या झुडपांना आणि मुळांना धरून चढायचं. वर गेलो आणि समोर हत्ती. ओळीने, विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या लेण्याच्या, जोत्याला पाठ लावून, जणू सगळा डोंगर त्यांनीच उचलून धरलाय. कुणाची सोंड तुटलीय, कुणाचं गंडस्थळ झडलंय. इथला दगड ठिसूळ, दर्शनी भाग बरेच कोसळलेत. पण पाय, गळ्यातल्या साखळ्या अजून आहेत. दाराशी दोन भालदार उभे आहेत. इसवीसनाच्या आधीच्या दुसऱ्या शतकापासूनचं काम हे. चैत्यातल्या, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यातल्या, खांबांवर नंतरच्या काळात रंगवलेले बुद्ध आहेत, डोळे सरावले की एकेक दिसू लागतात. एका खांबासाठी पैठणच्या मितदेव नावाच्या गंध विकणाऱ्याने दान दिलंय. राजा नव्हे, सरदार नव्हे, अत्तरवाला. आणि इथे सापडलेला डोक्यावर परात घेतलेला, गालात हसणारा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलंय की हा कण्हदास सोनाराने घडवला. सोनार, दिल्या! म्हणून तर त्याच्या अंगावरचे दागिने इतके बारीक. तुझे अण्णा पेढीवर बसून डोळ्याला भिंग लावून काम करायचे, ते मला तिथे बसल्या बसल्या आठवले. त्यांनाही हे हत्ती बघायचे होते. "एकदा जाऊ रे पोरांनो," म्हणायचे आणि लगीनसराई यायची.

डोंगर उतरताना खाली सगळा मुलूख दिसला. डावीकडे कण्हेरगड, त्याच्या पोटात नागार्जुनाची जैन लेणी आणि सीतान्हाणी. तो दिवस वेगळा काढायला हवा. समोर धुकट पांढुरका कापसाचा पट्टा आणि त्यापलीकडे चाळीसगाव. याच घळींचं पाणी डोंगरी नदीतून गावात येतं आणि तितूर नदीला मिळतं. २०२१ च्या ३१ ऑगस्टला जो पूर आला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, तुमच्या गल्लीत कमरेइतकं पाणी भरलं, ते पाणी कुठून आलं हे मी वर उभा राहून पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. ज्या उतारावर झाडी दाट आहे तिथला ओहोळ अजून झुळझुळतोय, उघड्या उतारावरचा केव्हाच आटलाय. इथलं एकही झाड तोडू नये असं मला मनापासून वाटतं. बाबांचंही हेच म्हणणं, आणि त्यांना तर सरपण लागतं.

त्यांच्या घरी जेवलो. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल, कांदा फोडून. आजीने भाकरी तव्यावरून थेट माझ्या ताटात टाकली, पापुद्रा फुगलेला होता आणि आतून उडदाचा तो खमंग वास. पुण्यात तू कळणं कुठून आणतोस? बायकोला सांगतोय दोन किलो दळून ठेवायला.

आता तुझ्याबद्दल. अण्णांचं इथलं घर विकल्यापासून तू आला नाहीस. मागे म्हणालास, "आता तिथे उतरायचं कुठे आणि कशासाठी?" मी तेव्हा काही बोललो नाही, मला शब्द सुचले नाहीत. उतरायचं माझ्याकडे, हे सांगायची गरज नाही. अण्णांच्या गल्लीतून जायचं नसेल तर स्टेशनवरूनच गाडी वळवू, परस्पर पाटणादेवीला जाऊ. जायचं असेल तर दोघं मिळून जाऊ. नव्या लोकांनी ओटा तसाच ठेवलाय, मी रोज बघतो.

बाबांशी बोलून ठेवलंय. दिवाळीच्या आधी यायला हवं, नंतर नदी आटते आणि पाण्यातून चालायची गंमत जाते. पायाला घट्ट बसणारे जुने बूट आण, नवे नकोत. महाराष्ट्र एक्सप्रेसने आलास तर मी फलाटावर असेन.

येताना आजीने सीताफळांची पाटी दिली, जंगलातली, डोळे उघडलेली. धान्याच्या कोठीत घातलीत. चार दिवसांत पिकतील, पुढे टिकायची नाहीत. तिकीट काढलंस की कळव.

तुझा,
सुन्या