अंकल, तुमचा रुमाल माझ्याकडेच राहिला

प्रिय अंकल,

सप्रेम नमस्कार.

कुणी आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. "चहा पाज आणि विषय संपव," म्हणता. म्हणून मला गिटार निवडून दिलीत त्याबद्दल समोर न बोलता इथे चारचौघांत लिहितोय. नातू वाचून दाखवेलच.

कॉलेजात असल्यापासून मला अमेरिकन ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगसारखी इलेक्ट्रिक गिटार हवी होती. चण पातळ, अंगावर व्हायोलिनसारखी दोन एफ-होल (इंग्रजी f च्या आकाराची भोकं), पोट अर्धं पोकळ. गिब्सन कंपनीची ईएस-३३५ ही त्या घराण्यातली थोरली, १९५८ची. तिची किंमत बघितली की मला गृहकर्ज आठवायचं. मग तिच्या धाकट्या, गरीब बहिणींचा शोध सुरू केला. बजेट तीस हजार, त्याच्या वर एक रुपया नाही.

दुकानातली ती चेरी लाल रंगाची मी घेतल्यात जमा होती. आगाऊ पैसे द्यायला खिशात हात घातला, तेवढ्यात तुम्ही तुमच्या खिशातून रुमाल काढून हेडस्टॉकवर, म्हणजे कंपनीचं नाव असलेल्या वरच्या टोकावर, टाकलात. "नाव झाकलं. आता गिटार बघ."

अ‍ॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारा स्पीकर, लावूच दिला नाहीत. आधी कोरीच वाजवायला लावलीत. मग ब्रिजच्या, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाच्या, बाजूने एक डोळा मिटून नेककडे, लांब दांड्याकडे, बघितलंत, सुतार फळी बघतो तसं. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एकदम दाबलीत. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, कागद सरकेल एवढीच फट हवी. तिथे नाणं गेलं असतं. दुकानदार म्हणाला, ट्रस रॉड, नेकच्या आतली तिचा बाक ठरवणारी सळई, फिरवून देतो. तुम्ही मान डोलावलीत, पण बोट ठेवलंत बॉडीजवळच्या शेवटच्या फ्रेट्सवर. तिथे नेक उंचावलेली होती आणि तार खरखरत होती. "चावीचा जोर इथवर पोचत नाही, बाबा." मी आठवडाभर हळहळलो. रंग खरंच देखणा होता हो!

ठाण्याची सेकंडहँड गिटार मी तर नाकारूनच टाकली होती. शेंगदाण्याच्या सालासारखा रंग, कडेला टवका उडालेला. तुम्ही तिच्याही नावावर रुमाल टाकलात आणि मोबाइलचा टॉर्च एफ-होलात धरून मला आत डोकवायला लावलंत. मधोमध लाकडाचा ठोकळा, वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत. हा ठोकळा असला की आवाज वाढवल्यावर गिटार लगेच घुमत नाही, म्हणजे अ‍ॅम्पच्या आवाजाने आपोआप कर्कश वाजत राहत नाही (फीडबॅक); आतून पूर्ण पोकळ असलेल्या पातळ गिटारी फार लवकर घुमतात. हे घुमणं रोखायला बी. बी. किंग एफ-होलात कापड कोंबायचे, हे तुम्ही तिथेच सांगितलंत. १९८०मध्ये गिब्सनने त्यांच्या नावाचं ल्युसील मॉडेल काढलं, त्याला एफ-होलच ठेवली नाहीत. ऐकता ऐकता गिटारवाल्याचा चहा गार झाला.

मग वायरिंग. माझ्या डोक्यात हा मुद्दा कधी आलाच नसता. स्ट्रॅटोकास्टरसारख्या भरीव गिटारीचे स्क्रू काढून पिकगार्ड, म्हणजे पुढची प्लॅस्टिकची पट्टी, उचललं की सगळं समोर. इथे मागे झाकणच नाही. पॉट (नॉबखालचा भाग), जॅक (केबल लावायची जागा), वायरी, सगळं एफ-होलातून दोऱ्याने बाहेर ओढायचं आणि तसंच परत बसवायचं. स्वस्त गिटारीत पैसे वाचवतात ते बहुधा याच भागांत, आणि कारागीर मजुरी घेणार ती दुप्पट. म्हणून तुम्ही चारही नॉब एकेक करून फिरवलेत, स्विच वीस वेळा खटखटवलात, जॅकमध्ये केबल हलवून बघितलीत. एका नॉबची खरखर फिरवूनच गेली. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर सहाही तारांवर जुळला, तेव्हा कुठे तुम्ही रुमाल उचललात.

एका गोष्टीत मात्र माझं तुमच्याशी जमत नाही. नेककडचा हमबकर (तारांचा आवाज पकडणारा पिकअप) तुम्हाला "चिखल" वाटतो. टोनचा नॉब अर्ध्यावर आणला की रात्री अकरा वाजता, घरातले झोपल्यावर, मला तोच हवा असतो. शिवाय अ‍ॅम्प बंद ठेवला तरी पोकळ पोटामुळे स्वतःपुरतं ऐकू येतं. हा फायदा तुम्हीही सांगितला नव्हता.

घरी आणल्यावर G सुराची तार ट्यून करताना अडकायची, "टिंग" व्हायचं आणि सूर उडी मारायचा. फोनवर तुम्ही पेन्सिल विचारलीत. मुलीच्या कंपासपेटीतली घेऊन नटच्या, म्हणजे हेडस्टॉकजवळ तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचेत शिसं घासलं आणि तार गुमान सरकू लागली.

नाव मी इथेही लिहिलेलं नाही, झाकलेलंच ठेवलंय. रुमाल धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. रविवारी आणतो, चहा तुमच्याकडे.

तुमचा,
डोंबिवलीचा विद्यार्थी