बाबांच्या दप्तरातले दोन शब्द

कोलोन, रविवार

तीर्थरूप बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर आई एकदम गप्प झाली. "जेवलीस का?" याच्या पुढे शब्दच नाही. माझाही गळा दाटून आला आणि रेंज नाही म्हणून मी फोन ठेवला. आई, रेंज होती. तेव्हापासून चैन नाही, म्हणून आज कागद घेऊन बसले आहे.

खालच्या मजल्यावरच्या तुर्की आजी तुम्हाला माहीत आहेत. मी त्यांना तेयझे म्हणते. तेयझे म्हणजे आपली मावशीच. १९६१ च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार मागवायला सुरुवात केली. १९७३ साली भरती थांबली, तोवर लाखो माणसं आली होती. त्यांतलेच एक तेयझेंचे यजमान. दोन-चार वर्षं कमवायचं आणि गावी परतायचं, असं ठरलेलं. तेयझे सांगतात, पहिली दहा वर्षं त्यांनी घरात मोठं कपाटसुद्धा घेतलं नाही. परत जायचंच आहे, तर कशाला?

परवा चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "गुरबेतमध्ये तुला किती वर्षं झाली?" मी म्हटलं, सात. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत त्या नुसतं "गरिप, गरिप" म्हणत राहिल्या. मी दचकलेच. हा तर आपला गरीब!

खरंच तोच शब्द आहे. मूळ अरबी. त्या धातूत दूर जाणं आहे, मावळणं आहे. सूर्य मावळतो ती पश्चिम म्हणजे गर्ब, आणि आपल्याकडे मशिदीत संध्याकाळी होते ती मगरिबची नमाज त्याच घरातली. गरीब म्हणजे आपली जागा सोडून लांब गेलेला, परका. फारसीत अजून तोच अर्थ आहे. तुर्कीत 'गुरबेत' म्हणजे परमुलूख आणि तिथे लागणारी घराची ओढ, दोन्ही. माझ्यासोबत काम करणारी अल्बेनियन मुलगी 'कुर्बेत' म्हणते. तिच्या गावातून पिढ्यानपिढ्या पुरुष कुर्बेतला जात आले. उर्दूत मात्र गुर्बत म्हटलं की आता आधी दारिद्र्यच आठवतं. आपल्या मराठीत तर परका पार पुसला गेला आणि गरीब तेवढा उरला. परक्या गावात ना घर, ना जमीन, ना हाकेला कुणी. अशा माणसाला गरीब म्हणायला लोकांना वेळ लागला नसेल.

आपल्याकडे वनवास आहे, पण वनवासाला चौदा वर्षांची मुदत असते. गुरबेतला ती नाही.

बाबा, भद्रा मारुतीला रात्री चालत जायचो तेव्हा खुलताबादला तुम्ही बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा दाखवायचात. मला वाटायचं, फार गरीब होते बिचारे. तुघलकाने राजधानी दौलताबादला नेली त्या काळात ते दिल्लीहून दख्खनेत आले आणि १३३७ साली इथेच वारले. सहाशेहून जास्त वर्षं आपल्या मातीत निजलेल्या माणसाच्या नावात 'परका' आहे, हे मला इतक्या लांब येऊन कळलं.

विमानतळावर तुम्ही म्हणाला होतात, "आपण गरीब माणसं. जपून राहा." तेव्हा मला ते लागलं होतं. आता तेच वाक्य आठवलं की तुमचा हात डोक्यावर असल्यासारखं वाटतं.

अजून एक. गुरबेतच्या उलट तुर्कीत 'सिला' आहे: आपलं गाव, आपल्या माणसांना जाऊन भेटणं. उन्हाळ्यात इथली कुटुंबं गाडीत सामान भरून तुर्कस्तानला निघतात, तो त्यांचा सिलाचा रस्ता. हा शब्दही अरबीच, आणि आपला 'वसूल' त्याचा सख्खा भाऊ. वसूल म्हणजे मुळात पोचणं. तलाठी म्हणून तुम्ही तीस वर्षं वसुलीच्या वह्या भरल्यात, दुष्काळाच्या साली तर वसुलीला जाणं तुमच्या जिवावर यायचं. त्या कोरड्या शब्दाच्या पोटात पोचणं असेल, असं कधी वाटलं होतं?

दिवाळीची रजा मंजूर झाली आहे. अठरा दिवस. वसुबारसेच्या आदल्या रात्री घरी पोचेन.

आई, पुढच्या रविवारी गप्प बसावंसं वाटलं तर बस. मी फोन ठेवणार नाही.

तुमची,
छोटी