तक्रार : आमच्या फत्तेमारीची सरळ केलेली डोलकाठी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

दिनांक : 7 ऑक्टोबर 2024

विषय : जुन्या लाकडी फत्तेमारीच्या प्रतिकृतीची दुरुस्ती करताना झालेले नुकसान, काढलेले मूळ भाग परत मिळणे आणि रकमेचा परतावा याबाबत.

महोदय,

3 जून 2024 रोजी मी तुमच्या मुंबईतील कार्यशाळेत एका लाकडी फत्तेमारीची, म्हणजे शिडाच्या मालवाहू बोटीची, लहान प्रतिकृती स्वतः मांडीवर धरून आणून दिली. लांबी 31 इंच. 27 सप्टेंबरला तुमच्या माणसांनी ठाण्याला घरी जी वस्तू आणून पोचवली, तिचीही लांबी 31 इंच आहे. दोन्हींत जुळणारे एवढे एकच माप मला सापडले.

तुमच्या कामाच्या पावतीवर चार कामे लिहिली आहेत. धूळ व चिकटा काढणे. नाळेजवळ (बोटीच्या पुढच्या टोकाशी) लाकडाला कीड लागून पीठ पडत होते, त्यावर औषध करणे. मोठ्या शिडाचे मोडलेले परबाण (शीड बांधायची लांब दांडी) सांधणे. कुजलेले दोर बदलून त्याच जाडीचा सुती दोर ओवणे. खाली मी माझ्या अक्षरात लिहून घेतले होते : 'रंग, शीड व नाव यांना हात लावू नये.' त्याखाली तुमच्या कर्मचाऱ्याची सही आहे. छायाप्रत सोबत जोडली आहे. ते वाक्य पावतीवर राहिले आणि बोट कार्यशाळेत गेली, असे काहीसे झालेले दिसते.

आता ही बोट काय होती ते थोडे सविस्तर सांगते, कारण तुमच्याकडे ते कोणी विचारले नाही.

माझे आजोबा विजयदुर्गचे. फत्तेमारीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख, होते. मंगळूरची कौले भरून मुंबईला आणायची, मुंबईहून किराणा आणि कापड घेऊन कोकणातल्या बंदरांना लागायचे, असा त्यांचा धंदा. आषाढात समुद्र बंद झाला की बोटी वर ओढून माडाच्या झावळ्यांनी शाकारून ठेवत. नारळी पौर्णिमेपर्यंत बायकापोरांना बोटीवरचा माणूस घरात बघायला मिळे. 1957 च्या अशाच एका पावसाळ्यात माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू, आजोबांच्या फत्तेमारीची ही लहान बोट केली. तेव्हा भाऊ सोळा वर्षांचे होते. फणसाचा एकच ओंडका कोरला, वरचे काठ सागाच्या पट्ट्यांचे केले, खिळ्यांऐवजी बांबूच्या बारीक खुंट्या ठोकल्या. कप्प्या नारळाच्या करवंटीच्या, एकूण नऊ. शिडे आजीने मांजरपाटाची शिवली. आजोबा ओटीवर बसून चुका काढत, भाऊ पुन्हा करत. म्हणजे या बोटीची तपासणी खुद्द तांडेलाने केलेली होती.

आता डोलकाठीचे बघू. फत्तेमारीची डोलकाठी पुढे नाळेकडे कललेली असते. ती वाकलेली नसते, ती तशीच उभी करतात. तिच्यावर लांबलचक परबाण तिरके टांगतात आणि त्याला तिकोनी शीड बांधतात. काठी पुढे कललेली असली की ते जड परबाण काठीवर न आपटता तिच्यापासून मोकळे लोंबते, आणि वाऱ्याची बाजू बदलली की काठीच्या पुढून फिरवून दुसऱ्या अंगाला नेता येते. कोकणच्या किनाऱ्यावर शिडाची बोट बघितलेल्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक असते. तुमच्या बिलावर मात्र अशी नोंद आहे : 'मास्ट अलाइनमेंट करेक्शन, रु. 1,200.' दोन्ही डोलकाठ्या तुम्ही गुण्यात धरून काटकोनात उभ्या केल्या. त्यासाठी बुडाशी असलेली भाऊंची तिरकी खोबण पुटीने बुजवली, नवीन भोक पाडले आणि आत पितळी स्क्रू पिळला. त्या स्क्रूने नाळेकडे फणसाला चार इंच तडा गेला आहे. फोटो क्रमांक 3 पाहावा. सदुसष्ट वर्षांत, तीन घरे बदलताना, एका पुरात आणि माझ्या दोन मुलांच्या हाती राहूनही या लाकडाला तडा गेला नव्हता.

परबाणाचे तर विचारूच नका. मोडलेले एक सांधायला दिले होते. तुम्ही दोन्ही काढून टाकलीत आणि त्या जागी प्रत्येक काठीवर तीन-तीन आडव्या दांड्या बसवून चौकोनी शिडे लावलीत. म्हणजे सांगाडा फत्तेमारीचा आणि डोक्यावर विलायती गलबत. शिडे पॉलिस्टरची आहेत, चहात बुडवल्यासारखा रंग दिला आहे आणि एकावर होकायंत्राचे चित्र छापले आहे. वाऱ्याने दिशा चुकली तर शिडाकडे बघायचे, अशी सोय असावी.

रंगाबद्दल लिहिताना मात्र मला थट्टा सुचत नाही.

फणसाचे लाकूड ताजे कापले की हळदीसारखे पिवळे असते. उजेड आणि हवा लागून ते वर्षावर्षाने तांबूस, मग गडद तपकिरी होत जाते. शिवाय भाऊ दर नारळी पौर्णिमेला ही बोट कपाटावरून उतरवून उंडीच्या तेलाचा हात फिरवत. ते गेले 2011 साली, त्यानंतर मी फिरवत आले. त्या तेलाचा आणि इतक्या वर्षांच्या हातांचा मिळून जो रंग तिला आला होता तो कुठल्याही डब्यात मिळत नाही. तुम्ही मशीनने घासून तो काढला. घासल्यावर आत पिवळे लाकूड निघाले, ते तुम्हाला 'फिकट' वाटले, म्हणून त्यावर वॉलनट स्टेन चढवला आणि वरून ग्लॉसी पॉलियुरेथेनचे हात मारले. चपड्याचे स्पिरिट पॉलिश असते तर निदान स्पिरिटने उतरवता आले असते. पॉलियुरेथेन एकदा पक्के झाले की विरघळत नाही. ते काढायचे तर पुन्हा घासावे लागेल, आणि घासण्यासारखे आता फारसे उरलेले नाही. जुन्या वस्तूवर जे कराल ते उद्या उलटवता आले पाहिजे, आणि आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात चिमूटभर जागेवर करून पाहिले पाहिजे, हे या धंद्यातले पहिलेच पाठ असावेत. बाहेरच्या धुळीसाठी ओला कापसाचा बोळा पुरला असता.

बोटीचा पाण्याखालचा भाग पांढरा होता. तुमच्या कामाच्या टिपणात त्याला 'फंगल डिपॉझिट' म्हटले आहे. तो चुना होता. आपल्याकडच्या लाकडी बोटींच्या बुडाला किडे पोखरू नयेत म्हणून चुना आणि तेल एकत्र कालवून लेप देत. म्हणून त्या बोटी ओहोटीला आडव्या झाल्या की खालून पांढऱ्या दिसत. भाऊंनी तोच लेप लहान बोटीला दिला होता. तुम्ही तो खरवडून काढलात आणि लोखंडी जहाजासारखा लाल रंग दिलात.

तुमच्या माहितीपत्रकात 'डिटेलिंग' या शब्दाखाली लिहिले आहे की मॉडेल 'जिवंत' दिसण्यासाठी बारीक तपशील भरले जातात. आमच्या बोटीत भरलेले तपशील असे : पितळी गोल सुकाणूचे चाक, जे फत्तेमारीला नसतेच, तिथे सुकाणूचा लाकडी दांडा असतो आणि तोही भाऊंनी केलेला होता. 'वेलकम अबोर्ड' लिहिलेल्या लाल-पांढऱ्या दोन रिंगा. जुना नांगर चार काट्यांचा होता, गावच्या लोहाराने वाकवून दिलेला. त्या जागी साखळीसकट दुकानी नांगर. आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन मिळून सहा पितळी तोफा. मी फोनवर विचारले तेव्हा तुमच्या प्रतिनिधीने सांगितले, "मॅडम, त्या ऐतिहासिक लूकसाठी आहेत. कोकणात आरमार होतं ना." आंग्र्यांच्या गुराबांवर, म्हणजे लढाऊ जहाजांवर, तोफा होत्या, मान्य. आमची बोट कौले वाहायची. तोफा ठेवायच्या झाल्या असत्या तर आजोबांनी त्या वजनाची चार-दोनशे कौले जास्त भरली असती.

राहिले नाव. पिछाडीला भाऊंनी पांढऱ्या रंगात 'लक्षुमीप्रसाद' असे लिहिले होते. आजी तसेच म्हणायची आणि आजोबांच्या खऱ्या बोटीवरही रंगाऱ्याने तसेच लिहिले होते. तुम्ही ते पुसून सोनेरी स्टिकरची अक्षरे लावली आहेत : 'लक्ष्मीप्रसाद'. शुद्धलेखनाचे पैसे बिलात वेगळे लावलेले नाहीत, याची नोंद घेतली आहे.

हे सगळे मी बोट घरी आली त्याच संध्याकाळी फोनवर सांगितले. उत्तर मिळाले की "आता कशी शोकेसमध्ये ठेवण्यासारखी झाली आहे, आधी फार जुनी वाटत होती." जुन्या शिडांची चौकशी केली तर "खराब कापड होतं, वर्कशॉपमध्ये टाकून दिलं असेल" असे सांगण्यात आले. ते कापड आजीच्या हातचे होते. एका कोपऱ्याला तिने ठिगळ लावले होते, कारण भाऊंनी शीड पहिल्यांदा खाडीत नेले त्याच दिवशी फाडले. नऊ कप्प्यांपैकी तीन बोटीवर आहेत, सहा नाहीत. त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे मणी आहेत.

पैशांचे थोडक्यात. ठरलेली रक्कम रु. 18,500, पैकी रु. 10,000 आगाऊ दिले. काम सहा आठवड्यांत, म्हणजे 15 जुलैपर्यंत द्यायचे होते. नारळी पौर्णिमा यंदा 19 ऑगस्टला झाली. त्या दिवशी तेल लावायला घरात बोट नव्हती. अंतिम बिल रु. 27,300 आले. वाढीव रु. 8,800 'डिटेलिंग व करेक्शन' या नावाखाली आहेत आणि त्यासाठी मला ना फोन आला ना मेसेज. पूर्ण पैसे भरल्याशिवाय खोका उघडू देणार नाही असे तुमच्या माणसाने दारात सांगितले, म्हणून मी भरले. ही माझी चूक झाली.

माझ्या मागण्या अशा. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची : जुनी शिडे, दोन्ही परबाणे, मोडलेलेसुद्धा, सहा कप्प्या, सुकाणूचा दांडा आणि नांगर शोधून जसे असतील तसे परत करावेत. धुऊ नयेत, इस्त्री करू नये, सांधू नयेत. भंगारवाल्याला दिले असतील तर कोणाला आणि कधी दिले ते लेखी कळवावे, मी स्वतः जाऊन बघेन. दुसरी : बिलाचे रु. 27,300 परत करावेत आणि तडा सांधून डोलकाठ्या मूळ खोबणीत बसवण्याचा जो खर्च दुसऱ्या संवर्धकाकडे येईल तो द्यावा. मी सध्या दोघांकडे बोट दाखवली आहे. रंगाबाबत दोघांनीही मान हलवली. तिसरी : कामापूर्वी तुम्ही काढलेले सर्व फोटो मूळ स्वरूपात पाठवावेत. माझ्याकडे आहेत ते मोबाइलवर घाईत काढलेले आहेत आणि त्यात भाऊंचे अक्षर नीट आलेले नाही. तुमच्याकडे चांगला कॅमेरा आहे, निदान तिथे ते शाबूत असेल.

बोट पुन्हा तुमच्या कार्यशाळेत आणून 'फ्री रिवर्क' करून देण्याची तयारी तुमच्या प्रतिनिधीने दाखवली. ती मला मान्य नाही. तुमच्या कुठल्याही माणसाने या बोटीला आता हात लावू नये.

22 ऑक्टोबर 2024 पर्यंत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल ठाणे येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही, हे मी पाहून ठेवले आहे. निवृत्त माणसाकडे वेळ असतो.

सोबत : कामाच्या पावतीची छायाप्रत, अंतिम बिल, आधीचे 7 व नंतरचे 16 फोटो. तोफा, रिंगा आणि सुकाणूचे चाक काढून वेगळ्या पुड्यात बांधून ठेवले आहे. तुमचा माणूस आजीची शिडे घेऊन येईल तेव्हा तो पुडा त्याच्या हाती देईन.

कळावे,

(सही)
आपली ग्राहक, ठाणे