सायबर डेस्कच्या मॅडम, बाबांना पैसे भरू दिले नाहीत त्याबद्दल मनापासून आभार

मॅडम नमस्कार, तुमचं नाव लिहीत नाहीये पण वाचलंत तर तुम्हाला कळेलच.

बाबांच्या पॅनवर कुणीतरी ॲपवरून लोन काढलं आणि वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, तेव्हा बाबांचं एकच चाललेलं, भरून टाकू, आयुष्यात कुणाचे पैसे बुडवले नाहीत, आता चार लोकांत नाव नको जायला. एजंटपण अर्ध्यात सेटलमेंट करून देतो म्हणत होता. तुम्ही बाबांना बसवलंत, पाणी दिलंत आणि म्हणालात, काका एक रुपयाही भरू नका, भरलात की लोन तुमचंच होतं असं ते म्हणणार, वर सिबिलला (कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी) 'सेटल्ड', म्हणजे कमी पैशांत मिटवलं, असा शेरा लागला की तो पुढे बरीच वर्षं नडतो. हे तोवर आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं हो.

सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार तुम्ही समोर बसून भरून घेतलीत, आयटी ॲक्टचं कलम ६६सी नेमकं अशा ओळख चोरून वापरण्यासाठीच आहे हेही तेव्हाच कळलं. पण खरी किल्ली पुढची होती. लोन कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला (तक्रारी बघणारा अधिकारी) मेल करून लोनचा अर्ज, केवायसी म्हणजे ओळखीची कागदपत्रं आणि पैसे कुठल्या खात्यात गेले ते लेखी मागा म्हणालात. आलं तेव्हा खातं बाबांचं नाही, मोबाईल नंबर भलताच, सेल्फीत माणूसच दुसरा! तेच सगळं जोडून सिबिलला डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची हरकत) टाकला, आणि एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कंपन्यांचेही रिपोर्ट बघा म्हणालात (वर्षातून एकदा फ्री मिळतात), तर तिथेही तेच लोन दिसत होतं. तीस दिवसांत निकाल नाही लागला तर पुढे रोजचे शंभर रुपये भरपाई द्यावी लागते हा रिझर्व्ह बँकेचा नियम मेलमध्ये लिहायला लावलात, त्यानंतर उत्तरं पटापट यायला लागली.

संचार साथी या सरकारी पोर्टलवर बाबांच्या नावावर एक अनोळखी सिम निघालं तेही रिपोर्ट केलं, आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय.

लोन चारही रिपोर्टमधून निघालं मॅडम. फोन बंद झालेत, बाबा परत नीट जेवतायत. आईला तुम्हाला एकदा घरी जेवायला बोलवायचंय, ड्युटी कधी नसते तेवढं कळवा.