त्या दोन रुमालांची झेरॉक्स आमच्याकडे नाही

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या सोमवारी आपल्या अखत्यारीतील एका कार्यालयातून फोन आला. तीन वर्षांपूर्वी 'स्कॅन करून महिन्याभरात परत' या बोलीवर आमच्या घरच्या दफ्तरातून नेलेले दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या पत्रांचे गठ्ठे, सापडत नाहीत, तरी झेरॉक्स असल्यास पाठवावी, असे मला सांगण्यात आले. अठराव्या शतकातील पत्रांची झेरॉक्स काढून ठेवण्याची दूरदृष्टी आमच्या पूर्वजांनी दाखवली नाही, याबद्दल मी त्यांच्या वतीने दिलगीर आहे.

हे दफ्तर कृष्णाकाठच्या एका सरदार घराण्याचे. सहा पिढ्या ते याच वाड्यात आहे. १९४८ च्या कूळकायद्याने जमिनी गेल्या, त्याबद्दल तक्रार नाही. कागद कोणी मागितले नाहीत, म्हणून ते उरले. सासरे दर दिवाळीनंतर एकेक रुमाल सोडून सावलीत वारा देत, वेखंडाच्या पुरचुंड्या बदलत आणि मला शेजारी बसवून जुन्या पत्रांची मोडी लिपी वाचायला शिकवत. २०१९ च्या महापुरात पाणी ओटीवर चढले, तेव्हा बासष्टाव्या वर्षी मी गव्हाची पोती तशीच सोडून आधी रुमाल माळ्यावर नेले. तेव्हापासून उजवा गुडघा वाकत नाही. कसर, वाळवी आणि महापूर यांतून वाचलेले कागद शासनाच्या कपाटात तीन वर्षे टिकले नाहीत.

मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून पटवर्धन सरदारांच्या दफ्तरातील पत्रे छापायला घेतली, तेव्हा त्यांच्यापाशी ना खाते होते ना स्कॅनर. पुण्याच्या पेशवे दफ्तरात म्हणे चार कोटी कागद आहेत, कोणी पाच सांगतो. त्यांतले शेकडा दहा तरी कोणी वाचले असतील, असे मला वाटत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची निकड लागली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांच्या शोधात धावाधाव झाली. २०२४ मध्ये मराठी अभिजात ठरली, तेव्हा पेढे वाटले गेले. तिची जुनी पत्रे मात्र कोणत्या टेबलाखाली पडली आहेत, हे सांगणारा एकही माणूस मला तीन वर्षांत भेटला नाही. जो भेटला, त्याची बदली झाली.

मागणे एवढेच की, रुमालांचा शोध घ्यावा आणि ते न मिळाल्यास 'हरवले' असे सहीनिशी कळवावे. उरलेले एकेचाळीस रुमालही 'सुरक्षिततेसाठी' जमा करावेत, असे त्याच फोनवर सुचवण्यात आले. ते मी करणार नाही. रुमाल नेताना दिलेल्या पोचपावतीची मूळ प्रत माझ्याजवळ आहे. आपल्यासाठी सोबत झेरॉक्स जोडली आहे.

आपली,
एक दफ्तर सांभाळणारी