समई लावून निघून जाणाऱ्यांचंही प्रशिक्षण व्हावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बाल संरक्षणातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात. फोटो साधारण एकच असतो. समईपुढं चार-पाच वरिष्ठ, मागं फ्लेक्स, आणि खुर्च्यांवर सामाजिक कार्यकर्त्या मुली, समुपदेशक, बाह्यक्षेत्र कार्यकर्ते. समई लागली, मार्गदर्शन झालं, की वरिष्ठ पुढच्या मीटिंगला जातात. शिकायचं ते खालच्यांनी. मी स्वतः अशा कितीतरी समया लावल्या आहेत, म्हणून हे पत्र लिहिण्याचा अधिकार थोडाफार आहे असं समजते.

मी एका बालगृहाची अधीक्षिका म्हणून निवृत्त झाले. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्याकडं 'कुटुंब बैठक' हा प्रकार आला. म्हणजे मुलाचं पुढं काय करायचं हे फायलीवर न ठरवता आई, आजी, मामा, आत्या, जो कोणी त्या मुलाचा असेल त्याला एकत्र बसवून ठरवायचं, आणि शक्य तिथं मुलालाही बसवायचं. कार्यकर्त्या मुली प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. मी घेतलं नव्हतं. मला वाटलं, त्यात काय शिकायचं? माणसं बोलवायची, समजावून सांगायचं, सह्या घ्यायच्या.

पहिली बैठक मी माझ्या ऑफिसात लावली, मंगळवारी सकाळी अकरा वाजता. दोन सख्खे भाऊ होते, थोरला नऊ वर्षांचा. वडील वारलेले, आई इचलकरंजीत कांडी भरायला. (मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ची बंदी आहे, म्हणून गाव-तालुका सांगत नाही, काही तपशीलही बदललेत.) आईला खाडा परवडत नव्हता, ती आलीच नाही. मामा आला. आजी आली, ती चपला काढून दाराबाहेरच उभी राहिली आणि पहिली दहा मिनिटं तिला खुर्ची द्यायचं कुणाच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही. माझा अभिप्राय आदल्या दिवशीच टाईप होऊन तयार होता : 'आई सांभाळण्यास असमर्थ, संस्थेतील वास्तव्य वाढवावे.' मी पंचवीस मिनिटं बोलले. मामानं मान डोलावली आणि सही केली. निघताना आजीनं माझ्या टेबलाला हात टेकून विचारलं, ''बाई, म्हस इकून पैसं भरलं तर पोरास्नी सोडशीला न्हवं?''

तिला वाटत होतं, आम्ही काहीतरी दंड मागतोय. पंचवीस मिनिटांत मी तिला एवढंसुद्धा सांगू शकले नव्हते की पोरं तिचीच आहेत.

दुसरी बैठक आमच्या कार्यकर्तीनं तिच्या हट्टानं घेतली, गावातल्या अंगणवाडीत, रात्री आठ वाजता. आईची कामाची पाळी, आत्याच्या धारा आणि मामाची शेवटची एसटी, सगळं बघून तिनं ती वेळ काढली होती. सुरुवातीलाच तिनं सांगून टाकलं की मुलं मारहाण होणाऱ्या घरात जाणार नाहीत आणि शाळा बंद होणार नाही. या दोन गोष्टी सोडून बाकी सगळं तुम्ही ठरवा. मी मध्ये बोलायला लागले की ती माझ्या हातात चहाचा कप द्यायची. तीन कप झाले. मग ती मला घेऊन बाहेर आली. घरच्यांना आपापसात बोलू द्यायचं म्हणून. पाऊण तास मी अंगणवाडीच्या पायरीवर बसून होते आणि खोटं कशाला सांगू, जीव खालीवर होत होता. आत आवाज चढत होता. माझ्या सहीची पोरं, आणि आत काय ठरतंय याचा मला पत्ता नाही!

बाहेर आलं ते असं : पोरं आत्याकडं राहणार, कारण शाळा तिच्या दारात आहे. सुटीच्या दिवशी आई येणार. पासबुक आजीकडं, मामाकडं नाही. हे मामासमोर ठरलं आणि आवाज चढला होता तो त्यावरूनच. थोरल्यानं एकच अट घातली, संध्याकाळी म्हशीला पाणी पाजायला तोच जाणार. यातलं एकही वाक्य मला सुचलं नसतं. हा आराखडा आम्ही बालकल्याण समितीपुढं ठेवला. शेवटचा आदेश समितीचाच असतो, आणि तो मुलांच्या बाजूनं झाला.

एवढं झाल्यावर त्या कार्यकर्तीला काय मिळालं? कार्यालयीन वेळेबाहेर कोणाच्या परवानगीनं गेलात, असा खुलासा वरून मागवला गेला आणि प्रवासाचं बिल नामंजूर होऊन आलं. ते पत्र मीच सही करून तिच्याकडं पाठवलं. माझ्या नोकरीत लाज वाटाव्या अशा ज्या गोष्टी आहेत, त्यातली ही एक.

म्हणून म्हणते, बैठक मोडते ती खाली नाही, वर मोडते. कार्यकर्तीला कितीही शिकवा, तिच्या साहेबांना निर्णय आधीच हवा असेल, संध्याकाळची वेळ 'नियमात बसत नाही' असेल आणि महिन्याच्या आढाव्यात फक्त 'किती प्रकरणं निकाली' एवढंच विचारलं जात असेल, तर ती दुसऱ्या महिन्यापासून मामाची सही घेऊन मोकळी होईल. आपल्या १२ तालुक्यांच्या कोल्हापूर जिल्ह्यात मिशन वात्सल्यच्या, म्हणजे केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या, मंजूर पदांत बाल संरक्षण कक्षाला सामाजिक कार्यकर्ते दोन आणि बाह्यक्षेत्र कार्यकर्ते दोन. चंदगडसारख्या लांबच्या तालुक्यात एक बैठक म्हणजे एका माणसाचा अख्खा दिवस. तो दिवस कामाचा धरायचा की नाही, हे ती मुलगी ठरवू शकत नाही.

ही कल्पना परदेशी आहे असं काही जण नाक मुरडून सांगतात. न्यूझीलंडनं १९८९ मध्ये ती कायद्यात आणली हे खरं. तिथल्या मूळच्या माओरी समाजाची तक्रार होती की आमची पोरं आमच्या नात्यागोत्याला न विचारता नेली जातात. घरच्यांना अधिकाऱ्यांशिवाय बसू द्यायचं हे त्या कायद्यातच आहे. आपल्या २०१५च्या बाल न्याय कायद्यात अशा बैठकीचं नाव नाही, पण कलम ३ मध्ये मुलाचा सहभाग, कुटुंबाची जबाबदारी आणि संस्था हा शेवटचा उपाय, ही तिन्ही तत्त्वं लिहिलेली आहेत. आणि चार जाणती माणसं बसवून निकाल काढणं आपल्याला काय नवीन आहे?

उलट भीती तिथंच आहे. भावकीच्या बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं आणि सून पदर धरून कोपऱ्यात बसते. नवऱ्याच्या माराला भिऊन आलेली बाई त्याच्यासमोर काय बोलणार? लैंगिक अत्याचार असेल तर २०१२चा पोक्सो कायदा आहे, तिथं 'घरातल्या घरात मिटवून घ्या' असली बैठक होताच कामा नये. बालविवाहाचंही तेच, त्याला तर सगळं घर एकमतानं राजी असतं! बैठक कधी घ्यायची नाही, कुणाशी आधी वेगळं बोलायचं, हे ठरवताना कार्यकर्तीला पाठीशी उभं राहणारं वरिष्ठ माणूस लागतं. त्या माणसालाच यातलं काही माहीत नसेल तर ती विचारणार कुणाला?

कोल्हापूरची आणखी एक गोष्ट. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं बोर्डिंगं उभी केली, त्यामुळं 'बोर्डिंग' या शब्दाला आपल्याकडं मान आहे. आजही आया येतात आणि म्हणतात, ''बाई, पोराला बोर्डिंगात घाला.'' बालगृह म्हणजे बोर्डिंग नव्हे, हे त्यांना ठाऊक नसतं, आणि कधीकधी आम्हालाही रिकाम्या खाटा दिसत असतात. निव्वळ गरिबीपायी पोर घराबाहेर पडणार असेल तर प्रायोजकत्व आहे, म्हणजे पोराला घरीच सांभाळायला मदत, मिशन वात्सल्यमध्ये दरमहा ४,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,०००. राज्याची बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपयांची. या रकमा, त्यांची कागदपत्रं आणि मंजुरीला लागणारा वेळ हे बैठकीआधी साहेबांना तोंडपाठ असायला पाहिजे. घरच्यांनी रात्री अकरापर्यंत बसून आराखडा करायचा आणि आपण 'बघू, प्रस्ताव पाठवू' म्हणायचं, यानं पुढच्या वेळी कुणी येत नाही. आजीला पंचाहत्तर झाली असतील तर एसटी फुकट आहे, पण आईच्या बुडालेल्या रोजाचं काय?

तर माझी मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या अधीक्षकांना, संरक्षण अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या वरच्यांनाही दोन दिवस बसवा. स्लाइड दाखवू नका. त्यांनाच आजी करा, मामा करा, दाराबाहेर उभं करा. अर्धा तास न बोलता बसायला सांगा. हे सगळ्यात अवघड जातं. मग दर महिन्याच्या आढाव्यात कार्यकर्तीला दोनच प्रश्न विचारायला शिकवा : कुणाला बोलवायचं राहिलं, आणि ठरलेल्यातलं काय मोडलं.

असा वर्ग कुणी भरवला तर मी चहापाण्यावर यायला तयार आहे. मध्येमध्ये बोलणाऱ्या मॅडमची भूमिका मला द्या, तालीम लागणार नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त अधीक्षिका
राजारामपुरी, कोल्हापूर
(नाव संपादकांकडे)