‘एलियन्स’च्या बाजूने

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र वाचलं. ‘एलियन’ने तुला झोपू दिलं नाही आणि त्याचा पुढचा भाग ‘एलियन्स’ पाहून मात्र जांभया आल्या, हे समजलं. ‘पहिल्यात एका प्राण्याने घाम फोडला, दुसऱ्यात ढिगाने आणले तर झुरळांसारखे मरतात,’ हे तुझं वाक्य झोंबलं. त्यात तथ्य नाही असं म्हणणार नाही. पण तू दुसऱ्या भागात पहिलाच सिनेमा शोधत बसलास. तो तिथे नाही, हीच तर ‘एलियन्स’ची कमाई. सविस्तर लिहितोय, सवडीने वाच.

रिडली स्कॉटचा ‘एलियन’ १९७९चा. मालवाहू यानावरची सात माणसं, अंधार, आणि कुठून झडप घालेल याचा नेम नसलेला एक प्राणी. हा खेळ एकदाच जमतो. प्राणी जन्मतो कसा, दिसतो कसा, त्याचं रक्त लोखंड जाळत खाली कसं उतरतं, हे सगळं एकदा कळल्यावर पुन्हा तीच लपवाछपवी कोण सहन करणार? दुसरा भाग लिहिणाऱ्या आणि दिग्दर्शित करणाऱ्या जेम्स कॅमेरॉनला हे दिसलं. ‘टर्मिनेटर’चं चित्रीकरण लांबणीवर पडलं होतं, कारण अर्नोल्ड श्वार्झनेगर ‘कोनन’च्या दुसऱ्या भागात अडकला होता. त्या रिकाम्या महिन्यांत कॅमेरॉनने लेखनाची कामं घेतली. त्यात ‘एलियन्स’ हे एक होतं आणि ‘रॅम्बो’च्या दुसऱ्या भागाची पटकथा हे दुसरं. दोन्हीकडे व्हिएतनामची सावली आहे. ‘एलियन्स’मध्ये अद्ययावत शस्त्रांची फौज एका बाजूला आणि हाती काहीच नसलेला, पण आपल्या जागेत मुरलेला शत्रू दुसऱ्या बाजूला.

तू याला गोळीबाराचा सिनेमा म्हणतोस. तर पहिल्याच चकमकीत काय होतं ते आठव. संपर्क तुटलेल्या वसाहतीचा शोध घ्यायला पाठवलेले सैनिक बढाया मारत खाली उतरतात आणि नेमके तिथल्या अणुभट्टीखाली जाऊन पोचतात. तिथे गोळी झाडली तर सगळंच उडायचं, म्हणून त्यांच्याकडच्या गोळ्या काढून घेतल्या जातात. अर्धी तुकडी तिथेच संपते. आणि हे सगळं कधी? सिनेमा सुरू होऊन तास उलटल्यावर! तोवर जिवंत, मोकळा प्राणी आपल्याला दिसलेलासुद्धा नसतो.

मला सगळ्यांत आवडतो तो नंतरचा प्रसंग. दारं वितळवून बंद केली आहेत, आत उरलेसुरले लोक आहेत, आणि हालचाल टिपणाऱ्या यंत्राचा टिकटिकाट वाढत चाललाय. अंतर कमी होतंय. मग आकडा इतका खाली येतो की ते खोलीच्या आत असायला हवेत, पण खोलीत तर कुणीच नाही. यंत्र बिघडलं म्हणावं तर तसंही नाही. शेवटी कुणीतरी वर बघतं. छताची फळी सरकवेपर्यंत पडद्यावर एकही प्राणी नाही, फक्त आवाज आणि आकडे. इथे स्कॉटच्या सिनेमाचं काय कमी आहे, सांग बरं?

पण माझा खरा मुद्दा रिप्लीचा आहे, पहिल्या भागातून जिवंत सुटलेल्या नायिकेचा. पुढचा भाग काढताना बहुतेक लोक ‘पुढे काय घडलं’ विचारतात. कॅमेरॉनने ‘त्यातून वाचलेल्या बाईचं काय झालं’ हे विचारलं. ती ५७ वर्षं अंतराळात झोपेत तरंगत होती. परत येते तर तिच्यावर कुणाचा विश्वास नाही, चौकशी बसते, उड्डाणाचा परवाना जातो, आणि ज्या ग्रहाचं नाव ऐकून ती रात्री किंचाळत उठते तिथे तिच्याच कंपनीने वसाहत थाटलेली असते. वसाहतीशी संपर्क तुटल्यावर सगळ्यांना तिची आठवण येते. ती जाते, कारण न जाऊन स्वप्नं थांबणार नसतात. तिथे तिला सापडते न्यूट, सगळं गाव मेल्यावर हवेच्या नळ्यांतून जगलेली एकटी पोर. या दोघींमुळे शेवटची झुंज नुसती राक्षसाशी झुंज राहत नाही. त्या प्राण्यांच्या राणीचीही अंडी आहेत, तिनेही घर थाटलंय. कंपनीचा बर्क मात्र प्राणी चोरून नेण्यासाठी या दोघींची शरीरं वापरायला निघतो. या तिघांत राक्षस कोण हे मला वेगळं सांगायला नको.

सिगर्नी विव्हरला रिप्लीच्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. विज्ञानपटातल्या अभिनयाकडे अकादमीने असं बघणं ही तेव्हा नवलाचीच गोष्ट होती. न्यूट झालेली कॅरी हेन तर पूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर उभीच राहिली नव्हती, आणि पुढे तिने अभिनय सोडून शिक्षिका होणं पसंत केलं.

आता बनवण्याचं. खर्च अंदाजे १.८ कोटी डॉलर. ते तेव्हाही अशा सिनेमाला फार नव्हते, आणि संगणकावर दृश्यं काढायची सोयही नव्हती. लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत काम सुरू झालं. अंतराळप्रवासात झोपायच्या पेट्या महाग पडत होत्या, म्हणून मोजक्याच बनवून पलीकडे आरसा लावला आणि रांग लांब केली. तू ज्यांना ढीग म्हणतोस ते प्राणी म्हणजे मोजकेच पोशाख, वेगवेगळ्या कोनांतून, धुरात, क्षणभरच दाखवलेले. अणुभट्टीचा भाग लंडनमधल्या अ‍ॅक्टन लेनच्या बंद पडलेल्या वीजकेंद्रात चित्रित केला, तोही आधी तिथलं अ‍ॅस्बेस्टॉस काढून. राणीच्या कल्पनेची चाचणी प्राणी घडवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या कार्यशाळेबाहेरच्या वाहनतळावर झाली. सांगाड्यावर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या गुंडाळल्या, आत दोन माणसं बसवली आणि हात हलतात का ते पाहिलं. प्रत्यक्ष बाहुली सुमारे चौदा फूट उंच झाली. तिचं धूड क्रेनला टांगलेलं, बाकीचे अवयव हायड्रॉलिक्सवर आणि दोऱ्यांवर. ओझी उचलायला अंगावर चढवायचा जो पिवळा यांत्रिक लोडर रिप्ली चालवते, त्याच्या आत तिच्या पाठीमागे एक धिप्पाड माणूस दडून ते जड हातपाय हलवत होता. एकदा कळल्यावर तू त्याला शोधशीलच. मी पुष्कळ शोधला, दिसत नाही.

सेटवर वातावरण मात्र तापलेलं. कॅमेरॉन तरुण, घाईचा, उपदेशाला न जुमानणारा, आणि ब्रिटिश तंत्रज्ञ स्कॉटच्या सिनेमाचे भक्त. हा कोण उपटसुंभ, असा त्यांचा सूर. आपली पत कळावी म्हणून त्याने ‘टर्मिनेटर’चा खेळ ठेवला, तर फारसं कुणी फिरकलंच नाही. प्रकाशयोजनेवरून छायाचित्रकार डिक बुश बाहेर पडला आणि एड्रियन बिडलने सूत्रं हाती घेतली. संगीतकार जेम्स हॉर्नर लंडनला पोचला तेव्हा संगीत बसवायला सिनेमाच तयार नव्हता. नंतर जीव मुठीत धरून त्याने ते पुरं केलं आणि त्यालाही नामांकन मिळालं. पण त्याचं आणि कॅमेरॉनचं बिनसलं ते इतकं, की पुन्हा एकत्र आले ते थेट ‘टायटॅनिक’ला.

१८ जुलै १९८६ला सिनेमा लागला. दृश्यपरिणाम आणि ध्वनिपरिणाम संपादन, असे दोन ऑस्कर मिळाले.

एक भांडण मात्र मला कॅमेरॉनशीच करायचंय. पुढे त्याने जी सुमारे सतरा मिनिटं वाढवलेली आवृत्ती काढली, तिच्यात दोन मोठ्या गोष्टी परत आल्या. एक अमूल्य आहे. रिप्लीला स्वतःची मुलगी होती. तिच्या अकराव्या वाढदिवसाला परतायचं वचन देऊन ती निघाली होती, आणि आता कळतं की ती मुलगी म्हातारी होऊन वारलीसुद्धा. तिच्या हातात त्या म्हातारीचा फोटो येतो, तो विव्हरच्या खऱ्या आईचा आहे, अभिनेत्री एलिझाबेथ इंग्लिसचा. हा प्रसंग मुळात कापलाच कसा हेच कळत नाही. त्यावाचून न्यूटसाठीची धडपड अर्धीच समजते. दुसरी गोष्ट मात्र कापली होती तीच बरी. वसाहत गजबजलेली असताना आपल्याला तिथे आधीच नेऊन फिरवलं जातं. मग सैनिकांबरोबर त्या सुन्न गावात पाऊल टाकताना पोटात जो गोळा येतो, तो येतच नाही. म्हणून आधी थिएटरची आवृत्ती बघ, या वेळी दिवे घालवून आणि मोबाइल लांब ठेवून. मुलीचा प्रसंग नंतर वेगळा पाहिलास तरी चालेल.

पाहिलास की लिही, शिव्या घातल्यास तरी हरकत नाही. फक्त १९९२च्या तिसऱ्या भागाचा विषय काढू नकोस. ज्या पोरीसाठी रिप्ली परत त्या नरकात उतरली, तिला त्यांनी सुरुवातीच्या नावांबरोबरच मारून टाकलं. त्यावर मी बोलायला लागलो तर आणखी चार पानं लागतील.

तुझाच,
दोस्त